अर्धी हाक

बाई किंचाळली ती चुकीच्या जागी. कोचीतल्या त्या छोट्याशा प्रीव्ह्यू थिएटरात सकाळी अकराचा खेळ होता, बोलावलेली माणसं मोजून चाळीस, आणि सिनेमा अगदी घरगुती. एका म्हाताऱ्या आईचा. त्यात किंचाळण्यासारखं काही नव्हतं. हे सेतुनाथइतकं दुसऱ्या कुणाला ठाऊक असणार? लोकांनी नेमकं कुठं किंचाळायचं हे ठरवणं हाच तर अठरा वर्षं त्याचा धंदा होता. पाच भयपट, तीन घरगुती सिनेमे, आणि हा चौथा. हा माणूस एका हातानं घाबरवतो आणि दुसऱ्या हातानं डोळे पुसतो, असं वर्तमानपत्रवाले त्याच्याबद्दल लिहीत, आणि सेतुनाथ ते वाचून नाक मुरडत असला तरी कात्रणं जपून ठेवत असे. किंकाळी आपण मांडली तिथंच पडली पाहिजे, एक श्वास अलीकडे नाही की पलीकडे नाही. त्याची पडायची. त्याबाबतीत त्याच्याकडे खोटा विनय नव्हता. खराही फारसा नव्हता.

खेळ कुठलाही असो, तो शेवटच्या रांगेत कोपऱ्यात बसे, चपला काढून दोन्ही पाय पुढच्या रिकाम्या खुर्चीच्या पाठीवर टाकी, आणि पडद्याकडे ढुंकूनही न बघता माणसांच्या मानांकडे बघत राही. ही त्याची जुनी खोड. चेहरा खोटं बोलतो, शेजारी बायको बसली असेल तर जास्तच बोलतो. मान बोलत नाही. माणूस घाबरला की मान खांद्यांत शिरते, जीव गलबलला की एका बाजूला कलते, कंटाळा आला की फोनकडे वाकते. त्या सकाळी पहिली चाळीस मिनिटं माना अगदी त्याच्या मनासारख्या कललेल्या होत्या. मग पडद्यावर दिवेलागण झाली. म्हातारी आतल्या खोलीत समई लावते, दोन्ही हातांनी धरून उंबरा ओलांडते आणि ओसरीवर येता येता हाक देते, 'दीपम्… दीपम्…' दिवा येतोय, बसलेल्यांनी उठावं, निदान वर घेतलेले पाय तरी खाली सोडावेत, एवढाच त्या हाकेचा अर्थ. चाळीसच्या चाळीस माना खटकन खांद्यांत गेल्या. तिसऱ्या रांगेतली बाई किंचाळली. पुढून एक पुरुषी आवाज म्हणाला, "आली रे बाबा, इथंपण आली!" सगळं थिएटर हसलं. मोठ्यानं, सुटका झाल्यासारखं हसलं. त्यानंतर तासभर एकही मान कलली नाही. म्हातारी आता कुणाच्या मानगुटीवर बसते याची सगळे वाट बघत होते.

बाहेर चहा आणि पिकल्या केळ्यांची भजी ठेवली होती. इट्टी अच्चायन, म्हणजे या सिनेमाचे निर्माते, पाला गावचे रबराचे बागायतदार, एका हातात भजं आणि दुसऱ्या हातात सेतुनाथचं कोपर धरून त्याला खिडकीशी घेऊन गेले. "सेतू, सिनेमा झकास झालाय. मी दोनदा रडलो. माझी बायको एलियाम्मा गेली तेव्हासुद्धा एकदाच रडलो होतो."

"मग झालं तर."

"झालं कसलं? ती हाक काढ. तुझ्याच भुताचा आवाज आहे तो! साऱ्या केरळाच्या कानात बसलाय. माझ्या नातीच्या फोनवर आहे. तिच्या सासूचा फोन आला की तो वाजतो."

"तोच आवाज पाहिजे, अच्चायन. मुद्दाम घेतलाय."

"मुद्दाम? म्हणजे आईच्या पिक्चरमध्ये यक्षी मुद्दाम सोडलीस? अरे, दोन शब्द तर आहेत. एखाद्या बऱ्या बाईला बोलाव, म्हणवून घे, मोकळा हो. बुधवारी संध्याकाळी सिनेमा थिएटरांना जातोय. शुक्रवारी लोक हसले तर रविवारी खुर्च्या रिकाम्या."

"बघतो," सेतुनाथ म्हणाला. आणि शेजारी कट्टन, म्हणजे बिनदुधाचा चहा पीत उभ्या असलेल्या सहलानं भुवई उंचावली. सहला त्याचे सिनेमे कापते जोडते. तिरूरची, पंचविशीतली, तोंडाची तिखट. तीन सिनेमांत तिनं त्याच्या तोंडून 'नाही' ऐकलं होतं, 'गाढवा' ऐकलं होतं, 'बघतो' कधी ऐकलं नव्हतं.

एखाद्या बऱ्या बाईला बोलाव. गाडी वैट्टिलाच्या पुलाखाली अडकली तेव्हाही सेतुनाथच्या डोक्यात तेच घोळत होतं. काच तापली होती, सहला भोंगा वाजवत होती आणि पुढच्या बसवाल्याच्या सात पिढ्या काढत होती. बरी बाई! त्याच्या पहिल्या सिनेमाच्या वेळी अशा सहा बऱ्या बाया येऊन गेल्या होत्या. तो सिनेमा म्हणजे होतं तरी काय? भाड्यानं घेतलेल्या एका घरात रोज दिवेलागणीला एक मेलेली बाई समई घेऊन ओसरीवर येते. कुणाला धरत नाही, रक्त पीत नाही, तिचे पायसुद्धा सरळ आहेत. ती फक्त दिवा आणते आणि हाक देते. याला कोण घाबरणार म्हणून दोन निर्मात्यांनी हात झटकले होते. सेतुनाथ तेहतीस वर्षांचा होता आणि त्याला पक्की खात्री होती. अडलं होतं ते आवाजापाशी. आलेल्या प्रत्येक बाईनं त्या हाकेत भूत घातलं, कुणी कापरं, कुणी खर्जातलं, एकीनं तर मागून हसूनही दाखवलं. सातव्या दिवशी तो चिडून चेरुतुरुत्तीला घरी गेला, आणि संध्याकाळी ओसरीच्या कट्ट्यावर पाय वर घेऊन बसला असताना आतून अम्माची हाक आली. त्या हाकेत भूत नव्हतं, भक्तीसुद्धा नव्हती. घाई होती. चुलीवर भात होता, कोंबड्या अजून झाकायच्या होत्या, आणि मधल्या मध्ये दिवा दाखवायचा होता. सेतुनाथच्या अंगावर सर्रकन काटा आला. जिवंत बाईची ही घाई मेल्यावरही सुटली नाही तर? दुसऱ्या दिवशी त्यानं गावातून कॅसेटचं यंत्र मागून आणलं, पंच्याखाली झाकून मांडीशी ठेवलं आणि कळ दाबली. नंतर अम्मानं विचारलं, हे काय. तो म्हणाला, "ठेवतो आहे गं, कोचीत आठवण आली की ऐकायला." ते अगदीच खोटं नव्हतं. पहिले दोन महिने तो खोलीवर एकटा असला की खरंच ऐकत असे.

सिनेमा चालला. चालला कसला, त्यानं केरळभरची दिवेलागण मुकी करून टाकली. उत्सवातले नकलाकार ती हाक मारून टाळ्या घेऊ लागले, दुबईतल्या खोल्यांतून पोरं एकमेकांना संडासाच्या दाराशी ती मारून घाबरवू लागली, आया ती मारून मुलांना जेवू घालू लागल्या. त्या वर्षी ओणमला तो घरी गेला. नाव झालं होतं, कमरेला नवं मुंडू, म्हणजे पांढरी लुंगी होती. ओसरीवर ऐसपैस बसला होता आणि एकदम कोपराशी उजेड झाला. अम्मा समई घेऊन उभी होती. हाक न देता आली होती. तो केवढ्यांदा दचकला! "हाक नाही मारलीस?" त्यानं विचारलं. "घसा बसलाय," अम्मा म्हणाली. तो घसा अठरा वर्षं बसलेलाच होता. एरवी त्याच घशातून तिनं आवाज दिला की तीन घरांच्या कोंबड्या धावत येत. सेतुनाथनं पुन्हा विचारलं नाही. अम्मानं शोरणूरला जाऊन सिनेमा पाहिल्याचं विलासिनीनं, म्हणजे त्याच्या थोरल्या बहिणीनं, सांगितलं होतं; काय म्हणाली ते सांगितलं नव्हतं. त्यानंच ओळखलं. आपण आईचा आवाज चोरला आणि मेलेल्या बाईच्या तोंडी घातला, तिनं तो परत मागितला नाही, नुसता बंद केला. बाकी साऱ्या जगापुढं छाती काढून चालणारा हा माणूस दिवेलागणीच्या वेळी घरी असायचं टाळू लागला. दुपारची गाडी धरून निघायचा. शूटिंग आहे म्हणायचा.

आणि हा नवा सिनेमा त्यानं तेवढ्यासाठीच केला होता. हे त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं, स्वतःलाही नाही. आत्ता, त्या तापलेल्या काचेशी बसून तो पहिल्यांदा कबूल करत होता. तोच आवाज घ्यायचा, तोच, जुना. फक्त या वेळी तो खऱ्या आईच्या मागं लावायचा, आणि साऱ्या केरळाला ऐकवायचा, की बघा, ही एक आई आहे. भूत आपोआप निघून जाईल, अशी त्याची खात्री होती. त्याच्या खात्र्या आजवर खऱ्या ठरत आल्या होत्या. ही तेवढी तिसऱ्या रांगेतल्या बाईनं खोटी पाडली. आता आवाज बदलला तर सिनेमा वाचेल, आणि अम्मा कायमची भूत राहील. नाही बदलला तर लोक हसतील, आणि अम्मा हसण्यावारी गेलेलं भूत होईल. बुधवारी संध्याकाळपर्यंत यातलं एक निवडायचं होतं. आज सोमवार होता.

सहलाच्या खोलीत गेल्या गेल्या तिनं काही न विचारता म्हातारीचं काम करणाऱ्या नटीचा स्वतःचा आवाज त्या दृश्याला लावून पाहिला. छान बसला. घाबरायला काही उरलं नाही.

"कसा वाटतो?" तिनं विचारलं.

"चांगला आहे."

"चांगला आहे म्हणजे वाईट आहे. तोंड सांगतंय तुमचं."

"चहाच्या जाहिरातीतली आई वाटते."

"मग जुनी बाई तरी कुठली एवढी लागून गेली? कोण आहे ती? जिवंत आहे का?"

"जिवंत आहे," सेतुनाथ म्हणाला. "चेरुतुरुत्तीला असते. पारुकुट्टी अम्मा. माझी आई."

सहलानं खुर्ची त्याच्याकडे वळवली. "म्हणजे माझ्या उम्मानं मला जिची भीती घालून मासे खायला लावले, ती तुमची अम्मा?"

"तीच."

"त्यांना विचारलं होतंत, आवाज घेताना?"

"नाही."

"आणि या वेळी?"

सेतुनाथ पडद्याकडे बघू लागला. पडद्यावर म्हातारी समई घेऊन उंबऱ्यात थांबलेली होती.

"सेतुएट्टा," सहला म्हणाली, "चोरसुद्धा त्याच घरात दुसऱ्यांदा शिरायचं म्हटलं तर लाजतो हो." आणि तिनं गाडीची किल्ली त्याच्यापुढं ठेवली.

तीन तासांचा रस्ता. तृशूर मागं पडेपर्यंत त्याला सहलाचा राग होता, नंतर कुणाचाच उरला नाही. गाडी चालवताना त्याचं डोकं चांगलं चालायचं, आजही चाललं. पण पुढं न जाता मागं मागं. लोक मुलाखतीत विचारत, की भयपट आणि घरगुती सिनेमा, दोन्ही तुम्हाला कसं जमतं? तो काहीतरी चुरचुरीत बोलून वेळ मारून नेई. खरं उत्तर असं होतं की त्याला एकच गोष्ट येत होती. जिथं माणूस असायला हवा तिथं तो नसला की ती जागा दाखवायची, आणि लोकांना वाटतं त्यापेक्षा थोडा जास्त वेळ दाखवायची. बस्स. घाबरणारे घाबरतात, रडणारे रडतात. हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. अच्छन, म्हणजे त्याचे वडील, भिलईच्या कारखान्यात होते, वर्षातून एकदा यायचे, आणि बाकीचे अकरा महिने त्यांची लांब हातांची आरामखुर्ची ओसरीवर तशीच असायची. अम्मा समई घेऊन आली की त्या खुर्चीपुढं किंचित थबकायची. पोरगा कट्ट्यावरून ते बघायचा. त्या थबकण्यावर आपण पाच भयपट आणि चार संसार उभे केले हे त्याला पुरतं ठाऊक होतं, आणि त्याची त्याला लाज नव्हती. चांगली चीज होती ती. फक्त जिची होती तिला सांगायचं राहून गेलं होतं.

तो पोचला तेव्हा उन्हं नारळांच्या शेंड्यांवर गेली होती. विलासिनी चेच्ची आत कुणाशी तरी फोनवर बोलत होती. अम्मा मागच्या पायरीवर बसून चिंचेच्या चोथ्यानं समई घासत होती. ऐंशीची झाली होती, पण घासायला घेतलेलं भांडं तिच्या हातून लखलखल्याशिवाय सुटत नसे.

"न कळवता आलास," ती वर न बघता म्हणाली. "सिनेमा पडला वाटतं."

"अजून लागला नाही."

"मग पडेल कसा? बस. चहा घेतोस?"

तो खालच्या पायरीवर बसला. वाटेत जुळवून आणलेली सगळी वाक्यं चिंचेच्या वासानं उडून गेली. "अम्मा, नव्या सिनेमात मी परत तुझा आवाज घेतलाय. तोच, जुना."

"ठाऊक आहे. विलासिनीच्या फोनवर तुझी जाहिरात दिसली. आवाज माझा आणि बाई गोरीपान."

"रागावलीस?"

"गोरी आहे म्हणून?"

"तसं नाही गं. पहिल्यांदा घेतला तेव्हा. न विचारता घेतला. म्हणून तर तू हाक मारायची बंद केलीस."

अम्मानं समई मांडीवर आडवी ठेवली आणि त्याच्याकडे नीट पाहिलं. "हे तुला कोण म्हणालं?"

"कुणी नाही."

"शोरणूरला पिक्चर बघताना मी शेजारच्या कमलाक्षीला कोपरानं ढोसलं, की अगं, हा माझा आवाज. तिचा विश्वासच बसेना. मग बाहेर आल्यावर बसस्टँडवर तिला मारून दाखवली हाक. दोन माणसं पळाली."

सेतुनाथला हसू आलं आणि ते अर्ध्यातच थांबलं. "मग?"

"मग काय? चार दिवस मिरवलं गावभर. पाचव्या दिवशी कमलाक्षीची सून आली. म्हणाली, अम्मे, तेवढी हाक नका मारू, अंजिता संध्याकाळची जेवत नाही, कॉटखाली जाऊन बसते. सहा वर्षांचं लेकरू. ते उपाशी ठेवून दिवा कुठल्या देवाला दाखवायचा? थांबवली."

"मला घसा म्हणालीस."

"मग काय म्हणू, मोने, लेकरा? ओणमला आला होतास, नवं मुंडू नेसून. तुझ्या पिक्चरनं शेजारचं पोर उपाशी राहतंय असं सांगू?"

त्याला हलकं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. आधी तर चक्क अपमान झाल्यासारखं वाटलं. अठरा वर्षं त्यानं एक अपराध जपला होता, त्याच्या भोवती एक अख्खा सिनेमा बांधला होता, आणि त्यात एका पोरीच्या जेवणापलीकडे काही नव्हतंच. मग त्याला त्या अठरा वर्षांतल्या दुपारच्या गाड्या आठवल्या. नसलेल्या रागाला भिऊन तो पळत राहिला होता. लोकांना घाबरवण्यात ज्याचा हात धरणारा कुणी नव्हता, त्याला घाबरवायला एक बसलेला घसा पुरला.

"अंजिता आता कुठं असते?" त्यानं काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं.

"आयर्लंडला. नर्स आहे. परवा फोटो आला, बर्फात उभी आहे."

"मग आता का मारत नाहीस हाक?"

"आता ओसरीवर बसतं कोण?" अम्मा म्हणाली, आणि पुन्हा समई घासू लागली. तक्रार नव्हती त्यात. तेल संपलंय सांगावं तसं ती म्हणाली. सेतुनाथच्या सिनेमातली ओसरीही रिकामीच होती. ती त्यानं नुसती रचली होती असं त्याला वाटत होतं.

"पण राग आहे एक," अम्मा थोड्या वेळानं म्हणाली. "आता विचारतोच आहेस तर सांगते. तू माझं पुढचं कापलंस."

"पुढचं काय?"

"तू कट्ट्यावर पाय वर घेऊन बसला होतास, ते डबडं पंच्याखाली लपवून. मला काय दिसत नव्हतं? दीपम् म्हटलं, दोनदा म्हटलं, तू ढिम्म. मग म्हटलं, पाय खाली घे रे. ते कुठं गेलं? अर्धीच हाक ठेवलीस. अर्ध्या हाकेला माणूस घाबरणारच की. कुणाला मारलीय ते कळतच नाही."

सेतुनाथ तसाच उठला आणि घराच्या पुढच्या बाजूला गेला. त्याच्या फोनला रेंज फक्त तुळशीपाशी यायची. "सहला, माझ्या कपाटात खालच्या कप्प्यात बिस्किटांचा पत्र्याचा डबा आहे. त्यात कॅसेट आहे. ती चालते का बघ. आत्ता बघ." तो बोलत असतानाच त्याच्या मागं ओसरीवर उजेड झाला. अम्मानं समई आणून ठेवली होती, गुपचूप. रोजच्यासारखी.

मंगळवारी सकाळी सहलाच्या खोलीत दोघांनी ती कॅसेट ऐकली. आधी खरखर, मग लांबून कावळे, मग 'दीपम्… दीपम्…' अठरा वर्षांपूर्वी त्यानं इथंच बोट ठेवलं होतं आणि म्हटलं होतं, काप. त्यापुढचं त्यानं नंतर कधी ऐकलंच नव्हतं. समई फरशीवर टेकल्याचा आवाज आला. दंडावर डास मारल्याचा आवाज आला. आणि मग तोच आवाज, तसाच घाईचा, म्हणाला, "मोने, पाय खाली घे रे. किती वेळा सांगायचं?" त्यावर एक तरुण, आळशी आवाज नुसता 'हं' म्हणाला. पाय खाली घेतल्याचं काही ऐकू आलं नाही.

"हा गाढव कोण, विचारायला नको," सहला म्हणाली. तिचे डोळे भरले होते आणि ते लपवायला ती बटणं दाबत होती. "उत्तर ठेवायचं?"

"नाही. तिथं कुणी नाहीये."

त्यांनी नटीचा तो तुकडा पुन्हा काढला. कॅमेरा तिच्या पाठीमागून होता. ही भयपटातली सवय, पण आज ती कामी आली, कारण ओठ दिसत नव्हते. आणि जिथं कापलं होतं त्याच्या पुढंही तो तुकडा चाळीस सेकंद चालू होता: म्हातारी समई टेकवते, आरामखुर्चीपुढं थबकते, मग खाली बसून वात सारखी करते. पहिल्या वेळी सेतुनाथनं ते फेकून दिलं होतं. भीती जिथं टोकाला पोचते तिथं कापायचं, ही सवय त्याच्या हातात मुरली होती आणि आईच्या सिनेमातही त्या हातानं त्याला न विचारता तेच केलं होतं. आता त्यानं चाळीसच्या चाळीस सेकंद ठेवले. सहलानं दोन शब्द इकडं, डासाचा आवाज तिकडं सरकवला. बुधवारी दुपारी इट्टी अच्चायनांचा फोन आला.

"बदललास का आवाज?"

"वाढवला."

"वाढवला?" फोनमधून त्यांनी देवाला, मातेला आणि दोन संतांना हाक मारलेली ऐकू आली. "सेतू, तुला झालंय काय?"

"अच्चायन, शुक्रवारी शोरणूरला माझ्याबरोबर बसा. लोक शेवटपर्यंत हसले तर पुढच्या सिनेमात भुताचं काम मी करीन. फुकट."

हे म्हणताना त्याचा आवाज पुन्हा त्याचा झाला होता. आतून मात्र पाल चुकचुकत होती, आणि ती शुक्रवारपर्यंत थांबली नाही.

शोरणूरचा दुपारचा पहिला खेळ. थिएटर तेच होतं, फक्त खुर्च्या नव्या. सेतुनाथ शेवटच्या रांगेत कोपऱ्यात बसला, शेजारी इट्टी अच्चायन जपमाळ खिशात धरून. विलासिनी चेच्ची आणि अम्मा मधल्या रांगेत होत्या. अम्माचा पांढरा अंबाडा त्याला बरोबर दिसत होता. पोरंटोरं, नुकतीच कॉलेजातून सुटलेली, पुढच्या खुर्च्यांवर तंगड्या टाकून पसरली होती. चाळीस मिनिटं माना त्याच्या होत्या. मग पडद्यावर दिवेलागण झाली, आणि म्हातारीनं उंबरा ओलांडला.

'दीपम्… दीपम्…'

माना खांद्यांत गेल्या. कुणी किंचाळलं नाही, पण डाव्या अंगाला फिदीफिदी सुरू झालं, आणि कुणीतरी अपेक्षेप्रमाणं म्हणालं, "आली!" इट्टी अच्चायनांनी डोळे मिटले. समई टेकली. डास मेला. आणि त्या आवाजानं, साऱ्या केरळानं अठरा वर्षं ज्याच्यापुढं पांघरूण डोक्यावर ओढलं त्या आवाजानं, अगदी कंटाळून म्हटलं, "मोने, पाय खाली घे रे. किती वेळा सांगायचं?"

सगळं थिएटर गप्प झालं. मग एक हसू फुटलं, पण ते कोचीतलं हसू नव्हतं. घरात आईनं सगळ्यांसमोर टोकल्यावर येतं तसलं, ओशाळलेलं. आणि त्या हसण्याखालून सेतुनाथला एक आवाज ऐकू आला, जो त्यानं आजवर कुठल्याही थिएटरात ऐकला नव्हता. खुर्च्या करकरल्या. चपला फरशीवर आपटल्या. एकेका रांगेतून पोरांनी पुढच्या खुर्च्यांवरचे पाय खाली घेतले होते, कुणी सांगितलंय याचा विचार न करता, आणि घेतल्यावर एकमेकांकडे बघून ती पुन्हा हसत होती. पडद्यावर मात्र कुणीच पाय खाली घेतले नाहीत. कट्टा रिकामा होता. आरामखुर्ची रिकामी होती. म्हातारी थोडा वेळ वाट बघत उभी राहिली, मग खाली बसली आणि वात सारखी करू लागली. हसू ओसरलं. पुढच्या रांगेतली एक मान कलली, तिच्यामागची कलली, मग सगळ्याच. शेजारी अच्चायन तिसऱ्यांदा रडायच्या तयारीला लागले होते.

जमलं होतं. सेतुनाथनं माना मोजल्यासारखं करून पाहिल्या, एकूण एक कललेल्या. फक्त मधल्या रांगेतली एक तशी नव्हती. ती कलली नव्हती की खांद्यांत शिरली नव्हती; ती पार मागं वळली होती. अम्मा पडद्याकडे बघतच नव्हती. पडद्यावरच्या समईचा उजेड तिच्या अर्ध्या चेहऱ्यावर पडला होता, आणि डोळ्यांवर तळवा आडवा धरून ती शेवटच्या रांगेत, कोपऱ्यात, अंधारात काहीतरी निरखून बघत होती. काय बघतेय ते त्याला एकदम कळलं.

सेतुनाथनं पुढच्या खुर्चीवरचे दोन्ही पाय खाली घेतले. तेव्हा कुठं अम्मा पडद्याकडे वळली.